पाजणाऱ्या बाईचं जेवण

"भाकरी मोडू नका, आजी. आधी वजन," रेणुकादास म्हणाला आणि त्यानं तराजू वर धरला.

तो नांदेडहून आलेला सरकारी कारकून. कोणत्या वयाचं माणूस दिवसाला किती खातं, हे निजामाच्या सगळ्या मुलखात मोजायचं काम निघालं होतं. देवणीजवळच्या या गावात मात्र वेगळंच बोललं जाई. ज्या घरात माणसांपेक्षा भाकरी जास्त, त्या घरात कुणीतरी लपलेलं आहे, हे शोधायला तराजू फिरतोय.

कमलम्माच्या घरात लपलेलं होतंच. निजामाचा दारूवरचा कर बुडवायला शिंदीची झाडं तोडली म्हणून पोलीस तिच्या मुलाच्या, बसवराजच्या मागावर होते. अंगणातल्या ज्वारीच्या रिकाम्या पेवात, जमिनीखाली तो बसून असे. वरची फरशी थोडी सरकवलेली असायची. आज कारकून वळणावर दिसला, तशी कमलम्मा खाली वाकून म्हणाली, "घटकाभर कळ काढ, बाळा." मग तिनं फरशी घट्ट बसवली, कडा शेणानं लिंपल्या आणि वर घोंगडं अंथरलं.

रेणुकादास नेमका त्या घोंगड्यावर बसला.

"घरात कोण कोण?"

"मी, ही सून महानंदा, अन् तिचं तान्हं. लेक सोलापूरला गेलाय, गिरणीत."

"मग एवढ्या भाकरी?"

कमलम्मा हसली. "सून लई खाती, साहेब. अंगावर पाजती ना."

"छान! मग त्यांचं जेवण बघूनच जातो."

पण सासूच्या आधी सून जेवायची नाही. कमलम्माच्या तोंडात दात नव्हते. ती ताकात भाकरी कुस्करून हळूहळू खाऊ लागली.

"सावकाश होऊ द्या," रेणुकादास म्हणाला. "मला घाई नाही."

मध्येच खालून ठकठक आली. कमलम्मानं ताट सारलं, खलबत्ता ओढला आणि मिरच्या कुटायला घेतल्या.

"केवढ्यानं कुटता, आजी!"

"दात न्हाईत, साहेब. समदं बारीक लागतं."

ती पुन्हा जेवायला बसली तोवर ठकठक थांबली होती. महानंदानं सुटकेचा श्वास सोडला.

मग तिची पाळी आली. कारकुनाकडे पाठ करून ती जेवू लागली. आपल्या भाकरी संपल्या, नवऱ्याच्या वाट्याच्या उरल्या. एकेक घास ती पाण्याबरोबर ढकलत राहिली. टोपल्यात तुकडाही उरला नाही.

रेणुकादासचा चेहरा उजळला. "जिथं जातो तिथं पाजणारी बाई अर्धपोटी. त्यांना धान्य वाढवून मिळावं, म्हणूनच ही मोजणी आहे. पोटभर जेवणाऱ्या तुम्हीच पहिल्या भेटलात. अशाच जेवत जा, ताई."

तो वळणापलीकडे गेला. दोघींनी घोंगडं फेकलं, शेण खरवडलं, फरशी ढकलली.

"बसू!" कमलम्मानं हाक मारली. "अरे, गेला तो."

आतून काही आलं नाही. महानंदा उतरायला निघाली, तसा सासूनं तिचा दंड धरला. बंद राहिलेल्या पेवात हवा मरते. आधी दोरीनं दिवा सोडायचा, तो जळत राहिला तरच माणसानं उतरायचं.

कमलम्मानं दिवा बांधला आणि हळूहळू खाली सोडला.

तो अर्ध्यावरच विझला.