शंभर आणि वर साठ

सन छप्पन्न, मुलुंड. व्यायामशाळेत दुपारी आम्हा बायकांना कुंदाताई लाथ मारायला शिकवायच्या. तुळईला दोरी, दोरीला हिरवी काचेची बांगडी. टाच बांगडीला टेकून मागे यायला हवी, बांगडी फुटता कामा नये. “मारता सगळ्यांनाच येतं, बायांनो. पाय परत आणायला शिका, नाहीतर समोरचा तोच धरून आपटेल.” काष्टे खोचून आम्ही मारायचो: आधी गुडघा वर, मग टाच, मग पुन्हा गुडघा. रोज शंभर, चुकलं तर वर साठ. त्या दिवशी माझ्या नव्याण्णव नीट गेल्या. शंभराव्या लाथेला चाळीच्या जिन्यात माझा हात धरणारा माणूस डोळ्यांपुढे आला आणि मी पाय परत आणायचं विसरले. बांगडी फुटली. शेजारची मालन कुजबुजली, “ताईंचे यजमान गेले तेव्हा बायकांनी त्यांच्या बांगड्या फोडल्या. ही एकच मुठीत लपवून वाचवलेली.”

मी काचा वेचायला वाकले. ताईंनी मला मनगट धरून उठवलं. “बाकीच्या फोडल्या तेव्हा मी मुकाट्याने हात पुढे केला होता. ही लाथेने फुटली. हे चालेल मला.” मी माझी बांगडी उतरवू लागले. “राहू दे हातात. नुसत्या दोरीपाशी थांबव पाय. चल, साठ.” आता मुली माझ्याकडे शिकतात, तुळईला अजून नुसती दोरीच असते. “बाई, दोरीला काही बांधायचं राहिलं का?” त्या विचारतात. मी म्हणते, “गुडघा वर. एक.”