सांध्याची कुरकुर

"कुरकुर मी नाही करत हो डॉक्टर. हा करतो." म्हातारीने उजव्या खुब्यावर चापट मारली आणि उठून खोलीत एक फेरी घातली. पावलागणिक आवाज आला, गंजलेल्या बिजागरीसारखा.

"तेल घालता येत नाही का? माझ्या शिलाई मशीनला मी घालायचे." तिने जन्मभर लोकांचे कपडे शिवले होते.

डॉक्टर हसले. "आजी, तुमच्या खुब्यात बसवलेला गोळा सिरॅमिकचा आहे आणि तो बसतो ती वाटीही आतून सिरॅमिकचीच. चिनी मातीच्या नात्यातलं म्हणा, पण भलतंच कठीण. पोलादी सुरीने ओरखडा उठायचा नाही. इतकी वर्षं वापरलात, झीज जवळजवळ नाहीच. फक्त आतली ओल कमी पडली की दोघं एकमेकांवर कोरडे घासतात आणि वाजतात. वाजतो म्हणजे बिघडला, असं नाही."

"म्हणजे उपाय नाही?"

"आहे. वाटीचं अस्तर काढून प्लॅस्टिकचं घालायचं. प्लॅस्टिक मऊ, ते वाजत नाही. पण झिजतं. आणि तुमच्या वयात खुबा पुन्हा उघडायचा म्हणजे... पुन्हा चालाल याची हमी मी देणार नाही."

"अस्तरच बदलायचंय ना? मी हयातभर दुसरं काय केलं? घाला."

घरी कळलं तेव्हा मुलाचा चेहरा पडला. "आई, काय हे भलतंच! आम्हाला कधी त्रास झालाय का त्या आवाजाचा?"

"राहू द्या ना तो," सून म्हणाली. "उलट बरं असतं. तुम्ही येताय ते कळतं."

तेच तर, म्हातारी मनात म्हणाली.

खरं कारण तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगायला होतं तरी कोण? ती स्वयंपाकघराकडे निघाली की तिच्याआधी खुबा पोचायचा. दाराशी येईतो आत काहीतरी बोलणं चाललेलं असायचं. नळ गळतोय, टोमॅटो कच्चे निघाले, असलं. ती बसली की तेही दोन वाक्यांत विझायचं. बाहेर पडली की मागे चिडीचूप. आपल्याला पाहून माणसं विषय बदलतात, एवढं न कळायला ती काही कुक्कुलं बाळ नव्हती.

आणि विषय कुठला, तेही तिने ताडलं होतं. पलीकडच्या इमारतीतली तिची मैत्रीण लेकीकडे म्हणून निघाली होती, ती वृद्धाश्रमात जाऊन पोचली. शेवटच्या दिवसापर्यंत तिच्याही घरी सगळे टोमॅटोबद्दलच बोलत असणार.

एकदा स्वतःच्या कानांनी ऐकायचं, एवढंच म्हातारीला हवं होतं. ऐकलं की ती आपली पिशवी आपणच भरणार होती. कुणी हात धरून बाहेर काढायची पाळी येऊ देणार नव्हती.

ऑपरेशन झालं. दवाखान्यात मुलगा दिवसा बसायचा, सून संध्याकाळी. एक आला की दुसरा निघायचा. म्हातारी मनाशी म्हणाली, कामं वाटून घेतलीत पोरांनी, माझ्यापायी किती धावपळ. बरेच दिवस ती उताणी पडून छताकडे बघत होती. पुढे वॉकर आला, मग काठी.

एका दुपारी तिने काठीही पलंगाला टेकवून ठेवली आणि भिंतीच्या आधाराने उभी राहिली. पाऊल टाकलं. आवाज नाही. दुसरं टाकलं. नाही. स्वतःच्याच घरात चोरासारखी ती बोळातून निघाली आणि स्वयंपाकघराच्या दाराआड श्वास रोखून थांबली.

आत दोघंही होती.

ती थांबली. पाय भरून आला तरी थांबली. आतून शब्द येईना. शेवटी तिने दाराच्या फटीतून पाहिलं. मुलगा शेगडीपाशी उभा होता. एक कप चहा त्याने गाळला, भांडं विसळून पालथं घातलं आणि खिडकीकडे तोंड करून प्यायला. तो बाजूला झाल्यावर सून पुढे आली. तिने दुसरं भांडं घेतलं, एक कप पाणी मोजून ठेवलं. खांबाला वळसा घालावा तशी ती नवऱ्याला वळसा घालून साखरेच्या डब्याकडे गेली. दोघांची नजर एकदाही वर झाली नाही.

म्हातारीचा तोल गेला. सावरायला तिने दार धरलं आणि ते उघडलं.

दोघं एकदमच वळली. चेहरे असे, की जणू नाटकाचा पडदा वेळेआधीच वर गेलाय. मग सुनेने झटकन हसू आणलं.

"अहो, तुमच्या चहात साखर किती घालू?"

"नेहमीएवढीच," रिकामा कप पाठीमागे लपवत मुलगा म्हणाला.