ड्रायव्हरचं नाव

जोहान्सबर्गबाहेरच्या हायवेवर शाळेची व्हॅन अचानक आडवी आली. तिला वाचवायला एका ड्रायव्हरने आपला ट्रक पुलाच्या कठड्यावर घातला. मुलं वाचली, तो गेला. वार्ताहर नोम्फुंडोने सकाळीच वेबसाइटवर बातमी टाकली. खाली कमेंट्सची रीघ लागली. ‘असा लेक प्रत्येक आईच्या पोटी यावा.’ ‘हा आपल्या मातीचा माणूस.’

तिला मात्र चैन पडेना. “नुसतं ‘ड्रायव्हर’ काय? माणसाला नाव असतं,” ती संपादकाला म्हणाली.

“राहू दे ना. चाललीय ती चांगली चाललीय.”

तिने ऐकलं नाही. फोनवर फोन करून ड्रायव्हरच्या बहिणीला गाठलं आणि दुपारी बातमीत नाव घातलं: चिकोंडी म्बेवे, मूळचा मलावी देशाचा.

तासाभरात सूर फिरला. ‘लायसन्स खोटं असणार.’ ‘आमच्या नोकऱ्या खाल्ल्या, आता आमची पोरं मारायला निघाले.’ नोम्फुंडो एक कमेंट उडवायची, तोवर चार नव्या यायच्या.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. “ताई, त्याचं नाव काढाल का?”

“मी त्या कमेंट्स काढतेय. सगळ्या काढते.”

“नको. नावच काढा.”

“अहो, एवढं करून गेला तो. नाव का पुसायचं त्याचं?” नोम्फुंडोचा आवाज चढला.



“आईला वाचता येत नाही,” बहीण म्हणाली. “सकाळपासून त्या कमेंट्स मीच तिला वाचून दाखवत होते. आता ती म्हणतेय, पुढचं वाच.”