वळसा

शिडी घसरली आणि शाळेच्या भिंतीवर ‘पडलेल्याला हात द्या’ असं रंगवणारा पेंटर लाल रंगाच्या डब्यासकट फरशीवर आपटला. पाय मोडला. त्याने हात पुढे केला, तर मधल्या सुट्टीत सुटलेली पोरं, "काका, जरा सरका ना, बूट खराब होतायत," म्हणत त्याला वळसा घालून निघून गेली.

दोन महिन्यांनी राहिलेलं काम पुरं करायला तो लंगडत आला. फरशीवर बुटांचे लाल ठसे अजून तसेच होते.

"उद्या पाहुणे येतायत. तेवढे ते ठसे पुसून टाका," मुख्याध्यापक म्हणाले.

"तुम्ही निर्धास्त राहा, सर."

&nbsp;

सकाळी पाहुणे आले तेव्हा प्रत्येक ठशावर वॉर्निशचा पक्का थर चकाकत होता, आणि वळशाच्या मधोमध फरशीवर रंगवलेला होता, हात पुढे करून पडलेला एक पेंटर.