सरावाचा रुग्ण

शेवटच्या आजारातल्या माणसांना सोबत करणाऱ्या एका संस्थेत यशोदा नागवेकर स्वयंसेविका म्हणून शिकायला आली होती. सरावाच्या खोलीतला पडदा उजळला आणि त्यावरचा, संगणकाने घडवलेला बोलका रुग्ण खोकला. यशोदा जागीच थिजली. तो तिचा नवरा होता, दत्ताराम. गेल्या वर्षीच वारलेला.

"वहिनी, माफ करा," शिकवणारा इरफान गडबडला. "त्यांनी आपला चेहरा, आवाज, बोलणं, सगळं इथल्या शिकवणीसाठी दिलं होतं. तुम्हाला ठाऊक नव्हतं? थांबा, दुसरा रुग्ण लावतो."

"नको. असू दे."

रुग्णाने विचारलं, "मी बरा होईन ना?"

घरी हाच प्रश्न आला की ती म्हणायची, "होणार म्हणजे काय!" आणि तो गप्प व्हायचा. आजही तेच शब्द तिच्या ओठांवर आले. पण शिकवलेलं आठवून तिने ते गिळले आणि ती खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली.

"नाही हो. पण मी इथेच आहे."

पडद्यावरचा चेहरा सैलावला. "खरं बोललं कुणीतरी," तो म्हणाला. "मला फार भीती वाटते, बाई. कुणाला सांगता येत नाही. तुम्ही ऐकाल?"

"ऐकते," यशोदा म्हणाली. "सावकाश सांगा."

इरफानने बाहेर जाऊन हळूच दार ओढून घेतलं.