दहाव्याचा शब्द

दहाव्याला कावळा अण्णांच्या पिंडाला शिवेना. "अण्णा, तुमच्या जुन्या मोटारसायकलचं सुटं पडलेलं इंजिन मी जोडीन," मी म्हणाले. रावजीकाका खेकसले, "पोरींनी न्हाय बोलायचं हितं!" मग दादाने तेच वाक्य म्हटलं, आणि कावळा शिवला.

चार महिने मी भवानी पेठेतल्या आमच्या अंगणात बसून एकेक भाग रेशनच्या रॉकेलने धुतला, बसवला. दादा फिरकलाही नाही. आज पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. काकांनी दादाची पाठ थोपटली, "बापाला दिलेला शब्द पाळलास की रं!"



काकांचं सोडा, अण्णा. रोज गाडीपाशी तुमच्या हातात पाने-पक्कड द्यायला कोण बसायचं, हे तुम्हाला तर ठाऊक होतं. तरी तुम्ही त्याच्याच शब्दावर शिवलात?