मागे थांबलेला हारून

नातीच्या बारशाला ड्रेस्डेनला आलेल्या वासुदेवरावांना ऊर्मिलाने आपल्या ऑफिसातली मैत्रीण भेटवली. "बाबा, ही नूरैनी. मलेशियाची."

वासुदेवराव उठून उभेच राहिले. "माझे वडील महायुद्धात तिकडे होते. जपानी सैन्य अंगावर आलं, तेव्हा हारून सालेह नावाचा मलाय शिपाई मशीनगन घेऊन एकटा पुलावर थांबला. म्हणून जखमी वडील निसटले. तो मात्र गेला."

ऊर्मिलाने ते इंग्रजीत सांगताच नूरैनीचा चेहराच बदलला. "हारून सालेह? माझे पणजोबा!"

तिने लगेच घरी व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर तिची आजी आली, हारूनची लेक. "आजी जन्मभर एकच विचारत आलीय," नूरैनी म्हणाली, "बाबा मागे थांबले, त्याने कोणी वाचलं तरी का?"

वासुदेवरावांनी फोन हातात घेतला. आधी स्वतःला दाखवलं, मग लेकीला, जावयाला, आणि शेवटी पाळण्यातल्या नातीला.

"ताई, आम्ही एवढे सगळे वाचलो."

ऊर्मिलाने ते इंग्रजीत आणि नूरैनीने आजीला मलाय भाषेत सांगितलं. म्हातारी खळखळून हसली आणि घरातल्यांना मोठमोठ्याने हाका मारू लागली.

"काय म्हणतायत?" वासुदेवरावांनी विचारलं.

नूरैनीने डोळे पुसले. "म्हणतेय, सगळे इकडे या, माझे बाबा जिंकले!"